दारात आणलेली गाडी

आमच्या घरात गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा कुणालाच कुठे जायचं नव्हतं. माझा भाऊ उठावा, एवढ्यासाठी ती घ्यायची होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक हसतात. खाडीकडेचं गावठाण, गल्लीत हातगाडी वळवली तर दोन घरांच्या भिंती खरवडतात, आणि तिथे दोन दारांची, जमिनीला टेकलेली, परदेशी स्पोर्ट्‌स कार. हसण्यासारखंच आहे. तेव्हाही हसले.

भाऊ माझ्याहून लहान. दहावीत शाळा सोडली आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत लागला. आधी हेल्पर होता, मग कंपनीचा टेम्पो चालवायला लागला. सरकारने जमीन घेतलेल्या घरातला पोरगा म्हणून घेतलेला, पण कामात कुणाला बोट दाखवू दिलं नाही. काही वर्षांनी कंपनीला टाळं लागलं. त्याच्या बरोबरचे सगळेच सुरुवातीला घरी बसले. मग कुणी रिक्षा घेतली, कुणी दिघ्याला कंत्राटदाराकडे लागला, कुणी आमच्याच शेतांवर उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये वॉचमन झाला. हा बसला तो बसलाच, आणि मग आडवा झाला.

ओट्यावर, पत्र्याच्या सावलीत, भिंतीकडे तोंड करून. ताट समोर ठेवलं तर जेवायचा. आई ओरडली तर आंघोळ करायचा. ताप नाही, खोकला नाही, कुठे दुखत नाही. डॉक्टरने ताकदीची इंजेक्शनं दिली. आईने भगत आणला, त्यात एक कोंबडा गेला. बाबा म्हणाले, आळस चढलाय, उतरेल. त्या प्रकाराला आमच्याकडे नाव नव्हतं. कुणी विचारलं, भाऊ काय करतो, तर आम्ही सांगायचो, पडून असतो. आज त्याला नाव आहे, गोळ्या आहेत, ऐरोलीत पाट्या लावून बसलेले डॉक्टर आहेत. तेव्हा असतीलही, पण आमच्यापर्यंत ते आलं नव्हतं.

मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात पहिली, आळीतही पहिली. पदवीचा फोटो आईने देवाच्या शेजारी लावला होता आणि मी तो काढू दिला नाही. बेलापूरला एका ऑफिसात नोकरी करत होते. तिथले एक साहेब मोटारींची इंग्रजी मासिकं घ्यायचे आणि वाचून झाली की टाकून द्यायचे. कागद गुळगुळीत, म्हणून मी ती घरी आणायची, फडताळात अंथरायला. एकदा संध्याकाळी ओट्यावर बसून पानं सुटी करत होते, तेव्हा मागून आवाज आला.

"ताय, यात काय लिवलंय?"

कित्येक महिन्यांत त्याने स्वतःहून विचारलेली ती पहिली गोष्ट. मी वळून पाहिलं. तो कोपरावर उठला होता आणि एका लाल गाडीच्या चित्राकडे बघत होता.

मी वाचून दाखवलं. वाचून म्हणजे मराठी करून. निम्मे शब्द मलाही येत नव्हते. ऑफिसातली डिक्शनरी घरी आणायला लागले. इंजिन, त्याची ताकद, किती वेळात किती वेग घेते, आणि मग शेवटी बारीक अक्षरात ऑप्शनची यादी: छत उघडणारं हवं का, काचा बटणावर हव्यात का, गिअर हाताने की आपोआप. गाडी घेणारा माणूस जेवायला बसल्यासारखा हे हवं, ते नको, असं सांगतो आणि कंपनी तशी गाडी करून देते, याचं त्याला फार नवल वाटलं. रोज संध्याकाळी मी आले की तो कोपरावर उठून वाट बघत असायचा. मग एके दिवशी भिंतीला टेकून बसलेला दिसला. आई आतून बघत होती. तिने दोघांना चहा आणून दिला. एरवी ती आम्हाला चहा पोचवणाऱ्यातली नव्हती.

तेव्हा जमिनीच्या बदल्यात मिळालेला प्लॉट बिल्डरला दिला होता आणि बाबांनी त्या पैशांतला भावाचा वाटा वेगळा काढून ठेवला होता. दुकान घाल, टेम्पो घे, असं त्याला सगळे सांगून चुकले होते. त्यावर तो भिंतीकडे वळायचा. एका रात्री जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "तशी एक गारी घेऊ."

बाबांनी घास खाली ठेवला. चुलतभाऊ बसला होता, तो म्हणाला, "बिछान्यावरनं उठायला येत नाय नि रेसची गारी पायजे दादूसला." सगळे हसले. मी म्हटलं, घेऊ. मी बघते.

माझं गणित साधं होतं. नुसत्या चित्राने माणूस भिंतीला टेकून बसतो, तर गाडीने उभा राहील. लोक इंजेक्शनं देतात, कोंबडे देतात; मी गाडी देईन. अशी गाडी नवी घेणं आमच्या आवाक्याबाहेर होतं आणि तशा नव्या गाड्या आपल्याकडे मिळतही नव्हत्या. आखातातून परत येताना कुणी आणलेली, वापरलेली, एवढाच मार्ग होता.

मग मी ऑप्शनचा अभ्यास सुरू केला. परीक्षेसारखाच केला, कारण मला दुसऱ्या कुठल्या प्रकारे अभ्यास येत नाही. मासिकवाले म्हणायचे, पुन्हा विकताना भाव येईल ते घ्या. माझी कसोटी वेगळी होती: कशाने हा माणूस हलेल? आपोआप बदलणारे गिअर नकोत. ज्याला पडून राहायची सवय लागली त्याचे हातपाय कामाला लागले पाहिजेत. क्लच दाबू दे, गिअर टाकू दे. बटणाच्या काचा नकोत, हँडल फिरवू दे. एसी असला तर असू दे, पण छत उघडणारं हवंच. डोक्यावर ऊन-वारा लागू दे. दोनच दारं, मागची सीट नावापुरती, हे उलट बरंच. मोठी गाडी असती तर गावातल्या प्रत्येक हळदीला आणि बाळंतिणीला यालाच बोलावणं आलं असतं, आणि तो मुळात माणसांना कंटाळलेला. एक शेजारची सीट पुरे. तिच्यावर सुरुवातीला मी बसेन. पुढेमागे आणखी कुणी बसेल, असंही माझ्या मनात होतं.

वाशीला एक गाडी पाहिली. आपलीच देशी गाडी, लाल रंग मारून मागे पंख लावलेला. विकणारा त्या पंखाचंच कौतुक करत होता. भाऊ एक फेरी मारून बाजूला जाऊन उभा राहिला. परत येताना म्हणाला, "रंग खरवडला तर आतनं टॅक्सी निघल." मी हसले. त्याने विनोद केला म्हणून हसले.

दुसरी बेलापूरला मिळाली. विकणारे गृहस्थ मुरूडकडचे कोकणी मुसलमान, बरीच वर्षं आखातात इंजिनीअर होते, आता पुन्हा तिकडेच चालले होते. त्यांच्या बायकोने आम्हाला आधी घरात बसवलं, चहा आणि सांदणं दिली, आणि मग आम्ही खाली गेलो. जपानी गाडी, निळी, ताडपत्रीखाली. स्टिअरिंग डाव्या बाजूला. गृहस्थांनी एकेक गोष्ट मुलगी दाखवावी तशी दाखवली. गिअर हाताचे. छत हँडलने मागे सरकणारं. पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले. बटण दाबलं की डोळे उघडल्यासारखे वर यायचे. भावाने ते पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा स्वतः केलं.

मी विचारत होते आणि ते उत्तरं देत होते. सर्व्हिस कधी केली, पार्ट कुठे मिळतील, टायर कितपत राहिलेत. ते म्हणाले, "ताई, तुम्ही तर मेकॅनिकसारखं विचारता." मला बरं वाटलं, हे कबूल करते. चाळीस मैलांत कुणाला येत नसेल एवढं मला त्या गाडीबद्दल येत होतं.

"आणि ही सीट बघा," ते भावाला म्हणाले. "मी रियाधहून जेद्दाहला जायचो तेव्हा वाटेत इथेच झोपायचो." त्यांनी बाजूचा खटका ओढला आणि ड्रायव्हरची सीट मागे पडत पडत पार सपाट झाली. भाऊ आत बसला, टेकला, आडवा झाला. उघड्या छतातून वर बघत राहिला. आम्ही दोघं बाहेर थांबलो. गृहस्थांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हसून दुसरीकडे बघितलं.

आतून तो म्हणाला, "ताय, हीच."

सीट माझ्या अभ्यासात नव्हती. सीट काय, सगळ्याच गाड्यांना असते.

तो स्वतः चालवत गाडी गावाकडे घेऊन आला आणि मी शेजारी होते. त्या संध्याकाळबद्दल मला कुणी काही विचारत नाही, म्हणून मीच लिहिते. स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे मी उजवीकडे, जिथे ड्रायव्हर असायला हवा तिथे, हाताची घडी घालून. समोरून येणारे ट्रकवाले माझ्याकडे बघून दचकत होते: बाई गाडी चालवतेय आणि हातात काहीच नाही. भावाच्या ते लक्षात आलं. म्हणाला, "ताय, हात वर कर." मी दोन्ही हात उघड्या छतातून वर काढले. एका ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून आमच्याकडे पाहिलं. भाऊ हसला. तोंड उघडून, आवाज करून हसला. रबाळ्यापासून ऐरोलीपर्यंत तो अधूनमधून हसतच होता.

गावठाणात गाडी जाणार नाही हे आम्हाला माहीत होतं. बाहेर, सोसायट्यांच्या रस्त्याला लावायची असं ठरलं होतं. लावली. वॉचमन आला. म्हणाला, इथे मेंबरलोकांच्याच गाड्या लागतात, तुम्हाला कुणाकडे जायचंय? तो बाहेरगावचा, त्याचा दोष नाही. बाबा तोवर चालत आले होते. त्यांनी त्या बिल्डिंगकडे पाहिलं आणि हळू आवाजात मला म्हणाले, आपलं खळं इथंच होतं. वॉचमनशी मी बोलले, आणि एक रात्र गाडी तिथे राहील एवढं कबूल करून घेतलं.

आमच्यात नवी वस्तू, होडी असो, बैल असो, घरच्या बाईने ओवाळल्याशिवाय वापरायची नाही. मला वाटलं, आई ताट घेऊन रस्त्यावर येईल. आईने साफ सांगितलं, "माज्या उंबऱ्याशी येल ती माजी. परक्याच्या गेटापाशी उभी ऱ्हाऊन मी नाय ओवालनार." मी समजावलं. तिने पदर खोचला आणि भांडी घासायला बसली. आमच्या आईशी वाद घालता येत नाही. शिक्षणाचा तिथे काही उपयोग होत नाही.

तेव्हा भाऊ म्हणाला, "आनू दारान. होडी आनतो तशी."

आणि त्याने ते केलं. सकाळी स्वतः उठला, घरोघरी गेला, चुलतभावांना, कंपनीतल्या जुन्या दोस्तांना, कोळ्यांच्या पोरांना घेऊन आला. होडी किनाऱ्यावर ओढताना खाली घालतात ते ओंडके आणले. गटारावर फळ्या टाकल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी चालत आली, पुढे माणसांनी आणली. देवळाजवळच्या वळणावर ती वळेना, तेव्हा मागची बाजू उचलून, पाऊल पाऊल सरकवत वळवली. सायलेन्सर एका पायरीला लागून चेपला. एका काकूने अंगणातली तुळस वृंदावनासकट बाजूला करू दिली. आणि या सगळ्यात भाऊ पुढे उलटा चालत होता, हात हलवत, घामाने निथळत, ओरडत: उजवीकं घे, दम धर, आता उचल. मी ऑफिसला दांडी मारली होती. बाबा ओट्यावर उभे होते. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसत नव्हते.

गाडी दारात आली. एका बाजूला आमचा ओटा, दुसऱ्या बाजूला काकांची भिंत. उजवं दार उघडायला जागाच नाही, डावं ओट्याकडे उघडायचं. आईने हळदकुंकू लावलं, ओवाळलं, नारळ फोडला. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. भाऊ आत बसला, इंजिन चालू केलं आणि लिंबू चिरडण्याइतकी गाडी पुढे घेतली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने दिवे वर काढून दाखवले, पोरांनी परत परत काढायला लावले.

गाडी स्वतःच्या ताकदीने चालली ती तेव्हा, शेवटची.

दुसऱ्या दिवशी तिला बाहेर न्यायची होती. भाऊ म्हणाला, सायलेन्सर ठोकून घेऊ, मग काढू. ते बरोबरच होतं. सायलेन्सर ठोकून झाला. मग म्हणाला, उद्या. चुलतभाऊ मला म्हणाला, "त्याला एक हाक मारू दे, ताय. पाच मिनटात काढतो. आनली तशी काढतो." आणणं सणासारखं झालं होतं, काढायला तशीच माणसं लागणार होती, आणि ती त्याच्याच शब्दावर येणार होती. मी सांगून ती येतील का? मी जाऊन सांगितलं. दोघं-तिघं आले, गाडीजवळ उभे राहिले, भावाला म्हणाले, काय रे, काढायची ना? तो म्हणाला, बघू. ते चहा पिऊन गेले.

मी ऑफिसातून यायची तेव्हा तो गाडीत असायचा. सुरुवातीला बसलेला. दिवे उघडझाप करायचा, गिअर टाकून बघायचा. मग बॅटरी उतरली आणि दिवे अर्धे उघडे राहिले. मग एका संध्याकाळी मी आले तेव्हा सीट सपाट होती.

ओटा आणि ती सीट यांच्यात हातभर अंतर. एवढं करून माझा भाऊ हातभर सरकला होता.

मी ओट्यावर बसून मासिक वाचायची. तो म्हणायचा, वाच. वाचता वाचता बघितलं तर डोळे मिटलेले. एका रविवारी मी मासिक मिटलं आणि सरळ म्हटलं, मी आत्ता सगळ्यांना बोलावते. गाडी काढायची. बॅटरी घालू.

तो छतातून वर बघत होता. चिडला नाही. चिडला असता तरी मला बरं वाटलं असतं.

"काढून कुठं जाऊ?"

"कुठेही जा. पनवेलला जा."

"नि तिथनं?"

"तिथून परत ये."

"मग इथंच तं हाय मी, ताय."

याला उत्तर मला तेव्हा आलं नाही. आजही येत नाही. कुणाला येत असेल तर सांगावं. ज्यांना सकाळी कुठेतरी पोचायचं असतं त्यांना वाटतं की उत्तर सोपं आहे. मलाही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मी बेलापूरला जायला निघाले तेव्हा वाटत होतंच.

लोक म्हणाले, बहिणीने लाड केले. काही म्हणाले, आईच्या हट्टापायी गाडी अडकली. आईने त्यानंतर एकदाच, भाकऱ्या थापताना, मला विचारलं, "बाय, मी रस्त्यावर गेली असती तं?" मी म्हटलं, नाही गं, काही फरक पडला नसता. खरं की खोटं, मला माहीत नाही. पण गाडी दारात आणायची होती म्हणून तो एक अख्खी सकाळ उभा होता, ओरडत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ती सकाळ मला दुसऱ्या कशाने मिळाली नसती. म्हणून मला गाडी घेतल्याचा पश्चात्ताप नाही. आशा उरली नाही, ती गोष्ट वेगळी.

गाडी तिथेच राहिली. टायर बसले. बाबांनी पत्र्याचं छप्पर पुढे वाढवून तिच्यावर घेतलं, त्यामुळे उघड्या छतातून आता पत्राच दिसायचा. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायला लागल्या. आई पहिल्यांदा हाकलायची, मग गोळा करायला लागली. पाहुणे आले की विचारायचे, आणि आम्ही सांगायचो: गाडीत असतो.

पुढे काकांनी घर वाढवायला काढलं आणि गाडी हटवणं भाग पडलं. आणणाऱ्यांतले निम्मे तोवर गावात नव्हते, ओंडके कुणीतरी चुलीत घातले होते, आणि गल्लीत दोन घरांनी पायऱ्या पुढे घेतल्या होत्या. अख्खी गाडी आता निघणारच नव्हती. भंगारवाला आला. त्याने फिरून पाहिलं आणि म्हणाला, इथेच कापून न्यावी लागेल. भावाला बाहेर यायला सांगितलं. तो आला, ओट्यावर बसला, आणि दिवसभर ते कापणं बघत राहिला. मी रजा घेतली होती. दिवे निघाले, बॉनेट निघालं, ते सरकणारं छत निघालं. मी ज्या ज्या गोष्टीचा अभ्यास केला होता ती प्रत्येक गोष्ट माझ्यासमोरून गल्लीने बाहेर गेली. हँडलच्या काचांसकट.

भंगारवाल्याने जाताना विचारलं, यातलं काही ठेवायचंय का?

मी भावाकडे बघितलं. मला वाटलं, दिवे म्हणेल. निदान स्टिअरिंग तरी.

"सीट ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

दोघांनी ती उचलून ओट्यावर ठेवली, जुन्या जागी, भिंतीजवळ. खाली लाकडाचे दोन ठोकळे लावावे लागले. तो बसला, त्याने बाजूला हात घालून चाचपलं आणि खटका ओढला. इतक्या वर्षांनीही सीट अडकली नाही. मागे पडत पडत पार सपाट झाली. आई आतून ताट घेऊन आली, तिने ते खाली ठेवलं, आणि त्याचे पाय थोडे बाजूला करून तिथली जागा झाडून घेतली.